टकटक

नोल्फा मायाळू वगैरे मुळीच नव्हती.
बँडेजची गाठ चुकली की खेकसायची,
चहात साखर चार चमचे,
आणि बूट सदा ओले, कारण
चिलोए बेटावर, आचाओच्या धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत
समुद्र तिच्या मागे मागेच येई.

सात नंबरच्या खाटेवर म्हातारा रूदेसिंदो.
जन्मभर होड्या बांधल्या. आता कान गेलेले, डोळे गेलेले.
उरली होती कातडी,
आणि कातडीवर न सांगता येणारे आमचे हात.

पहिल्या दिवशी मी सरळ चादर ओढली.
तो असा दचकला
की सलाईनचा स्टँड आडवा झाला.
नोल्फाने मला बाजूला सारलं,
खाटेच्या लाकडी कडेवर बोटांनी तीनदा ठोकलं.
थांबली.
मग त्याच्या मनगटावर तळहात. नुसता.
पुन्हा थांबली.

"त्याला ऐकू येत नाही," मी म्हणाले.
"लाकडातून येतं.
आणि समजा नाही आलं,
तरी कुणाच्या घरात शिरतोय
हे आपल्याला तरी कळायला हवं ना?"

दर दोन तासांनी कूस.
टाचेखाली उशी, गुडघ्यांमध्ये उशी,
होडीच्या फळ्यांत साल ठासतात तशी.
पाणी आधी स्वतःच्या कोपरावर.
मग नखं, कानामागची घडी, बोटांच्या बेचक्या,
जिथे मळ आणि अपमान दोन्ही साठतात.
तक्त्यात सगळं होतं: "३ वाजता, डावी कूस."
तो चौकोन भरायला मला एक क्षण लागे,
आणि कूस बदलायला, नोल्फाच्या रीतीने,
एकवीस मिनिटं.

एका रात्री त्यानेच ठोकलं.
कडेवर. तीनदा.
मी नोल्फाकडे पाहिलं.
तिने कप खाली ठेवला नाही.
"जा," म्हणाली, "तुला आत बोलावतोय."
काय हवं होतं त्याला, मला शेवटपर्यंत कळलं नाही.
बसले फक्त. त्याचा अंगठा
माझ्या नखांवरून फिरत राहिला,
रंधा मारल्यावर फळी तपासावी तसा.

जूनमधल्या थंडीत, उजाडायच्या आत, तो गेला.
धुवायचं काम माझ्याकडे आलं.
पाणी मी कोमटच घेतलं;
कशाला, असं कुणी विचारलं नाही.
चादरीला हात घालण्याआधी
बोटं आपसूक कडेवर गेली.
ठोकलं.
थांबले.

दारात नोल्फा, ओल्या बुटांत.
"साबण संपत आलाय," म्हणाली,
आणि आणायला गेली.