एक्केचाळीस किलो

रात्रीचे दोन दहा. मे महिना.
कॅज्युअल्टीच्या कूलरमधलं पाणी संपलंय,
तो नुसता गरम वारा फेकतो.
स्ट्रेचरवर चंद्रभागा हेडाऊ, वय त्र्याहत्तर,
राहणार तांडापेठ, काम विणकाम,
छातीवर मूठ आवळून.
ईसीजीची पट्टी मी ट्यूबलाइटखाली धरतो.
खालच्या तिन्ही लीडमध्ये रेषा वर चढलेली.
कॅथलॅब उघडायला सांगितलीय,
टेक्निशियन मानेवाड्याहून निघालाय.

तोवर माझ्याकडे वीस मिनिटं
आणि एक तक्ता.

वय. बाई की पुरुष. नाडी. वरचं बीपी.
हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन.
आधी कधी रक्त गेलं होतं का?
प्रत्येक उत्तराला गुण.
शाळेत जास्त गुण पडले की आई साखर ठेवायची हातावर.
इथे मी मनातल्या मनात म्हणतो, कमी पडू देत.

रक्त इतकं पातळ हवं की धमनी उघडी राहील,
आणि इतकं नको की कुठेतरी आत
ती गुपचूप वाहत राहील.

मला साकोलीचे मास्तर आठवतात, मागच्या दिवाळीतले.
जांघेतून तार घातली, धमनी लख्ख उघडली,
आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.
पहाटे पोटामागच्या पोकळीत दीड लिटर.
चादर कोरडी होती.
इतकी कोरडी चादर मी नंतर पाहिली नाही.

"वजन?"
मुलगा म्हणाला, "असंल पन्नास-पंचावन."
मेश्राम सिस्टर म्हणाल्या, "अंदाजावर हेपरिन देत नसतात,"
आणि आयसीयूतला वजनाचा पलंग ओढत घेऊन आल्या.
एक्केचाळीस.
मुलगा त्या आकड्याकडे बघत राहिला,
घरातून चौदा किलो आई
कधी गेली, कोणत्या दाराने.

"यापूर्वी रक्तस्राव?" मी विचारलं.
"नाही बाप्पा."
मी पेन टेकवणार तेवढ्यात
सिस्टरनी मुलाला फॉर्म आणायला पिटाळलं,
कानाशी वाकल्या,
"आजी, संडासले काळं होते का? डांबरावानी?"

कूलर घरघरत होता.

"हाव. होळीपासून.
गुडघ्याले मेडिकलवाला लाल गोळी देते.
तिच्याबिगर मागाच्या खड्ड्यात
पाय सोडून बसता येत नाही."
मग हळूच, "पोराले नका सांगू."

हिमोग्लोबिन आलं, आठ पूर्णांक सहा.
बेरीज करायची गरज उरली नव्हती. तरी केली.

सरांना फोनवर सांगितलं. ते गाडीतच होते.
जांघ नको, मनगटातून जाऊ.
हेपरिन वजनावर, मोजून.
जोराची गोळी राहू दे, जुनी सौम्यवाली दे.
पोटासाठी इंजेक्शन. दोन बाटल्या रक्त तयार.
"आणि लाल गोळी बंद," सर म्हणाले,
जणू ते सगळ्यांत सोपं होतं.

मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली,
"रगत पातळ करता म्हणता,
मंग माह्यात उरन का काई?"
याला तक्त्यात रकाना नाही.
मी म्हणालो, "म्हणूनच मोजतोय, आजी."

उजवं मनगट, पन्नास वर्षं धोटा मारलेलं,
नाडी सुतासारखी बारीक.
सर दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सुई लागली.
मग पडद्यावर ती काळी फांदी,
मधेच तुटलेली, आणि हळूहळू
टोकापर्यंत भरत गेलेली.
कोणी पाठ थोपटली नाही.

सकाळचे सात. अजनीकडून इंजिनाचा भोंगा.
मनगटावरच्या पट्ट्यातली हवा
मी अर्ध्या तासाने थोडी थोडी सोडतो,
थांबतो, कापसाकडे बघतो.
पोट दाबून पाहतो. नाडी, बीपी.
चादर कोरडी आहे,
आणि चादरीवर आता माझा विश्वास नाही.

मुलगा चहा घेऊन आलाय, आणि पिशवीतून
लाल गोळ्यांची अर्धी पट्टी,
"हे चालू ठेवाचं का?"
सिस्टर ती हातातून घेतात,
एप्रनच्या खिशात टाकतात,
म्हातारीकडे बघतही नाहीत.

म्हातारी विचारते, "मागावर कधी बसू?"
मी पुन्हा बीपीचा पट्टा गुंडाळतो.