मास्के, मुस्कं

ओगलेवाडीत एप्रिलची दुपार. पंखा नुसताच फिरतोय
आणि माझ्या मांडीवर लोकर.
"कुणासाठी गं?" इंदूमावशी.
"कुणासाठी नाही."
"काय विशेष?"
"नाही मावशी, नुसतंच."
तरी तिनं माझ्या पोटाकडं बघून घेतलंच.

ओडेन्सला डिसेंबरात साडेतीनलाच अंधार.
खालच्या मजल्यावरच्या बिर्थेनं
पहिल्याच हिवाळ्यात सुया हातात दिल्या.
तेव्हा मला तिथले दहा शब्द यायचे,
त्यातला एक मास्के, म्हणजे टाका.
दोघी बसायचो.
बोलण्यासारखं काही नसायचं,
त्याचंच बरं वाटायचं.
पुढं मग कागदाचे तारे, बटणांचे मासे;
पावाच्या पुड्याची दोरीसुद्धा टाकवेना.

इथं टाक्याला घर म्हणतात.
"तुझं एक घर सुटलंय,"
मावशी वातींचा कापूस बाजूला सारत म्हणाली,
"खाली, तिसऱ्या ओळीत."
मी सगळं उसवायला निघाले
तर हातच धरला:
"एवढ्यासाठी उसवतीस व्हय?"

ओट्यावर नामदेवमामा मुस्कं विणत होते.
ट्रॅक्टर आला त्या साली बैल विकले,
त्यालाही आता सहा वर्षं.
मी विचारलं नाही कुणासाठी.
मास्के, मुस्कं,
मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं.

सुतळीचं टोक दातात तसंच धरून
मामांनी माझं विणकाम ओढून घेतलं,
दाभणाच्या टोकानं
सुटलेलं घर उचललं, एक ओळ, दुसरी,
तिसरीला जरा अडलं,
मग बसलं.

"लई गरम हाय," एवढंच म्हणाले
आणि हात धोतराला पुसले.