एकावर एक

दर गुरुवारी, दुकान बंद व्हायला तासभर उरला
की इल्हाम कमरेला ते छोटं यंत्र लावून येते
आणि उद्या म्हातारं होणाऱ्या प्रत्येक वस्तूवर
पिवळी चिठ्ठी डकवते: पस्तीस टक्के कमी.

मी तिथेच असते, पालकापाशी,
सहज आल्यासारखी.

एकतीस वर्षं लेवार्डनच्या कालव्यावरचा पूल
मी उचलला आणि खाली ठेवला.
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
होडीवर सोडायचा, होडीवाल्यानं त्यात नाणी टाकायची.
बूट वर ओढतानाच मनगटाला कळायचं
कोणी पुरते पैसे दिलेत
आणि कोणी शर्टाचं बटण पाठवलंय.
तेव्हा या लाल पाट्या मला काय बनवणार?

पाटीवरचा ढब्बू आकडा मी वाचतच नाही.
त्याच्याखाली मुंगीच्या पायांनी लिहिलेला
किलोचा भाव वाचते.
'महाबचत' लिहिलेला साबणाचा डबा
दोन लहान डब्यांहून महाग निघतो,
निदान तिसऱ्यांदा तरी निघाला.
आणि मी जेवून निघते. उपाशीपोटी चीजसमोर
भल्याभल्यांचा हिशेब पातळ होतो.

पण 'एकावर एक फुकट'पुढे मी दर वेळी हरायचे.
एका बाईला कोबी किती लागतो?
पहिलाच संपता संपत नाही.
दुसरा, फुकटचा, फ्रिजच्या तळाशी
मऊ पडत जायचा, आणि मंगळवारी
तो कचऱ्यात टाकताना
मी आधी खिडक्या बघायचे,
कोणी बघत तर नाही ना.

मग वोब्बे भेटला.
भेटला कसला, त्याची ढकलगाडी
माझ्या घोट्यावर आली.
डोळ्याला भिंग लावून तो कॉफीच्या पुड्यावरची तारीख शोधत होता.
दोन घेतले तर दुसरा अर्ध्या किमतीत.
मी म्हटलं, "अर्धं अर्धं करायचं?"
इतकं थेट मी जन्मात
कुठल्या पुरुषाला विचारलं नव्हतं.

तेव्हापासून गुरुवार दोघांचा.
कार्ड माझं. तिकिटांची वही त्याच्याकडे,
कारण तो चौकोनात चौकोन बसवतो,
माझी तिकिटं दारुड्यासारखी तिरकी जातात.
अंडी पाच पाच. लोण्याच्या दोन वड्या, ज्याची त्याची.
बिस्किटं तेरा निघाली तर तेरावं
दाराशीच मोडून खायचं,
घरी न्यायचं नाही, असा कायदा.

फेब्रुवारीत कार्डानं आमचा हिशेब मांडला.
दुप्पट दूध, दुप्पट केळी, दुप्पट पाव बघून
पत्र धाडलं:
"प्रिय हिल्ट्ये, तुमचं कुटुंब वाढतंय! अभिनंदन!"
सोबत लंगोटांवर चाळीस टक्के,
आणि गाजराच्या लगद्याची बरणी,
अर्थातच एकावर एक.

मी एकाहत्तर. वोब्बे शहात्तर.
त्यानं भिंग काढलं. पत्र दोनदा वाचलं.
मग चष्मा पुसत, गंभीरपणे म्हणाला,
"मुदत रविवारपर्यंतच आहे.
घाई करायला हवी."

मी एवढी हसले की दह्याच्या कपाटाचं दार
धरून उभं राहावं लागलं,
आणि ते उघडं राहिलं म्हणून टूं टूं करायला लागलं.

कूपन इल्हामला दिलं.
तिच्या बहिणीला गेल्याच महिन्यात जुळं झालंय.
तिनं मागचंपुढचं वाचलं, खिशात घातलं
आणि म्हणाली, "तिलाही हेच मिळालं. एकावर एक."

या गुरुवारी फ्लॉवरवर काहीच नव्हतं.
ना पिवळी चिठ्ठी, ना लाल पाटी,
नुसता फ्लॉवर, पूर्ण किमतीचा.
मी म्हटलं, "यावर काही नाही रे."
तो म्हणाला, "नसू दे."

सायकलींच्या स्टँडजवळच्या बाकावर
त्यानं खिशातला चाकू काढला
आणि फ्लॉवरचे दोन भाग केले.
समान केले, असं तो म्हणतो.
देठ कोणाकडे जास्त आला
यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.