साठ बाय तीस

दोन ओळींत साठ, दोन रोपांत तीस सेंटिमीटर.
परभणीच्या काळ्या मातीत दोरी ताणून
फेब्रुवारीत अठ्ठेचाळीस वाण टोकले,
तीन तुकड्यांत, तीनदा.
सर म्हणाले, आधी फरक मोज. निवड नंतर.

मी मोजते आहे.
पहिलं फूल कितव्या दिवशी,
दोन पेरांमध्ये बोटभर जागा की वीतभर,
भेंडीला पाच कंगोरे की आठ,
लव मऊ की काटेरी.
रात्री वसतिगृहात मनगटं खाजतात,
खोबरेल चोळून आकडे भरते.

अयोध्याबाईंना आकडे लागत नाहीत.
बावीस वर्षं त्या उन्हं कलताना येतात,
उद्या उमलणारी कळी
चिमटीत धरूनच ओळखतात.
नखानं गोल चीर,
टोपी उतरवावी तसा पाकळ्यांचा शेंडा वर,
चिमट्यानं परागकोश, एकही राहू द्यायचा नाही,
मग कागदी पिशवी, टाचणी, लाल दोरा.
सकाळी दुसऱ्या फुलाची पिवळी धूळ आणून
त्या मखमली, काळपट तांबड्या टोकांवर.
दहानंतर आमच्याकडचं ऊन
कुणाचंच काही जमू देत नाही.

"बाई, लग्नच लावायलाव की तुम्ही,"
मी एकदा म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
"लग्न नको म्हणू, पोरी.
लग्नात मान्सं जवळचं हुडकतेत.
आपण हितं दूरचं हुडकायलोत."

खरंच.
माझ्या तक्त्यात वाणांचे सात गट पडलेत.
एकाच गटातले दोघे जवळ आणले
तर त्यांच्याचसारखं निपजतं.
गट जितके लांबचे
तितकी पुढच्या पिढीला उसळी.
म्हणजे, शक्यता असते. पुस्तकात तोच शब्द आहे.

सातव्या गटात एकटा सत्तेचाळीस.
त्याचं बी मंठ्याकडच्या एका वस्तीवरचं,
सोजरबाईंनी राखेत मिसळून डब्यात ठेवलेलं.
नाव विचारलं तर म्हणाल्या, "भेंडी. आन काय?"
उत्पन्नात तळाला.
झाडाला आठ-नऊ भेंड्या, आखूड,
मोंढ्यात कुणी उचलून बघणार नाही अशा.
सर म्हणाले, पुढच्या हंगामात गाळू.

मग पांढरी माशी आली.
आधी शिरा पिवळ्या, मग पानं,
पंधरा दिवसांत अख्खं शेत हळदीला बसलं.
आणि तिन्ही तुकड्यांत
एकेक ओळ हिरवी.
जिला या कार्याचं आवतणच गेलं नव्हतं.

अयोध्याबाईंनी आधी त्या ओळीला दोरा बांधला,
मग मला हाक मारली.

शनिवारी घरून फोटो आला. सेलूचं स्थळ.
खाली आईनं लिहिलंय,
आपल्यातलंच आहे, अगदी जवळचं.
मी फोन बांधावर उपडा ठेवला
आणि लेबलावर शिसपेन्सिलनं लिहिलं
(शाई उन्हात उडते):
मादी एकोणीस, नर सत्तेचाळीस,
तारीख, माझं नाव,
त्याखाली, त्यांनी नको नको म्हटलं तरी, अयोध्याबाईंचं.

भेंडी वाळून खुळखुळायला
अजून पस्तीसेक दिवस.
घरी कळवलंय,
प्रयोग चालू आहे.