दोन ईद

खतीबचाचा गेले त्या साली
खाडीच्या अलीकडे ईद झाली,
पलीकडे रोजा.

ढग होते. जेटीवर सगळेच वर बघत होते,
कुणी मोबाईल धरून, कुणी दुर्बीण.
साबीरला दिसला. लियाकतला नाही.
"दिसला" म्हणायचं कुणी, हेच ठरेना.

चाचांना तर मोतीबिंदू होता.
ते चार जणांना विचारायचे,
दाढी कुरवाळत बसायचे थोडा वेळ,
मग म्हणायचे, "उद्या."
आणि दोन्ही काठांवर शेवया भाजल्या जायच्या.

रुकय्यानं लेकीला शिरखुर्मा पाठवला
पहिल्या तरीनं, फडक्यात बांधून.
लेकीनं डबा उघडला नाही.
मगरिबपर्यंत चुलीपाशी ठेवला,
सारखी हात लावून बघत होती
ऊन आहे का अजून.