सतरा नंबरची बॉबिन

रात्रपाळीच्या वहीत हसुराम केणींचं अक्षर
ओळ सोडत नाही, जणू कागदालाही ताण दिलाय:
आम्लाचं कुंड बावन्न अंश. पंप दोनदा अडकला,
जस्त कमी गेलं. खेच नेहमीची.
आणि खाली, वेगळ्या पेनाने: चहा आला नाही.

साडेआठला रबाळ्याच्या नाक्यावर रिक्षा सोडते मी.
नाल्याचा रंग बघून कळतं, शेजारी आज काय रंगवतायत.
लॅबमध्ये पासष्ट टक्के दमटपणा, एकवीस अंश,
काळ्या मखमलीवर एकेक तंतू सुटा करायचा,
चिमट्यात धरायचा, श्वास रोखून.
यंत्र ओढतं. आकडा चढतो. तुटतो.
असं पन्नास वेळा. मग सरासरी.

सतरा नंबर कमी भरली.
आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला:
साल पातळ, आतला गाभा ढिला,
आणि कडेला सुरकुत्या, वाळल्या आवळ्यासारख्या.
आम्ल तापलेलं असलं की असंच होतं.
साल आधी धरते,
आतलं पाणी मागाहून वाट काढतं,
आणि मोठी झालेली साल आतल्या लहानशा ऐवजावर
चुरगळत बसते.

हसुराम पाळी संपूनही थांबले होते,
डोळे लाल, कुंडाच्या वाफेने.
"घाय केली गो कुंडानी.
आमचे मिठागरान पन तसाच. ऊन तापला का मीठ बारीक,
सावकास आटला का खरा जाडा."
मी म्हटलं, इथे उलटं आहे:
घाईत मोजके, मोठे स्फटिक होतात,
दमाने घेतलं तर पुष्कळ, बारीक,
आणि ते बारीकच एकमेकांना धरून ठेवतात.
त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

मिठागर गेलं तेव्हा ते अठरा वर्षांचे.
प्रकल्पग्रस्ताचा दाखला, सोमवारी भरती,
शनिवारपर्यंत हातात दंताळं होतं.
कुंडाच्या तळाशी मीठच साचतं. ते काढायलाही हेच.

साहेबांना आकडा हवा. खेच वाढवा म्हणाले.
वाढवली. अठरा नंबर: ताकद भरपूर,
लांबणं निम्म्यावर, गाठ मारली की कटकन तुटतो,
आणि रंगाच्या भांड्यात अर्धा तास बुडवून
गडद निळ्याऐवजी जेमतेम आभाळी.
सगळे रेणू एका दिशेला तोंड करून उभे,
रंगाला आत शिरायला जागाच नाही.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात.
ह्याला पीळच नाही. ह्याला फक्त ताण,
तोही एका क्षणाच्या बोलीवर:
जोवर अर्धा ओला आहे तोवरच ओढायचा.
नंतर ओढाल तर तुटेल. आधी ओढाल तर
नुसता पातळ होईल, शिकणार काहीच नाही.

"जाल्याला चालंल का?"
त्यांनी विचारलं, बॉबिन हातात फिरवत.
नाही. ओला झाला की निम्मा.
"आनि कापूस?"
कापूस ओला झाला की उलट घट्ट होतो.
"पन हे दोगं येकच ना?"
एकच. साखळीला साखळी, कडीला कडी, एकच.
फक्त कापसाला बोंडात पन्नास दिवस मिळतात,
ह्याला कुंडात एक सेकंदही नाही.

ते बराच वेळ गप्प. मग हसले,
"मंग निम्मा उरतंय तो बी बराच म्हनायचा."

अहवालात शेऱ्याचा रकाना असतो.
सतरा नंबर: नापास, कारण तापमान.
लिहिलं, सही केली, शिक्का मारला.
सुरकुत्यांविषयी तिथे काही लिहायचं नसतं.
उरलेला तुकडा मात्र जाता जाता, कुणाला न विचारता,
त्याच निळ्या भांड्यात टाकला.
दहा मिनिटांत गडद झाला,
पार गाभ्यापर्यंत.