डिकी साडेचारला उघडेल

सामना साडेसातचा.
म्हणजे डिकी साडेचारला उघडायची,
म्हणजे वारज्यातून निघायचं अडीचला,
म्हणजे कांदा दोनच्या आधी चिरायचा नाही.
कांद्याला पाणी सुटलं की भेळ मान टाकते.
हे मी दमयंतीला तीनदा सांगितलं.
तिनं तीनदा "हो गं" म्हटलं
आणि अकरालाच चिरून ठेवला.

दडपे पोहे कोरडे न्यायचे.
खोबरं वेगळं, लिंबं अख्खी,
फोडणी थर्मासात.
हसू नका. पिंपरीच्या कारखान्यात
एकतीस वर्षं कँटीन चालवलंय मी.
तिसऱ्या पाळीला फोडणी गरम कशी पोचते
ते मला विचारा.

बर्फ इक्बालकडे.
तो गणेश पेठेतून आणणार, मासळी बाजारातून,
स्वस्त पडतो म्हणे.
"आणि पन्ह्याला पापलेटाचा वास आला तर?"
"तर सरोजताई, जेवण पूर्ण झालं समजा."

हेरंबकडे सतरंजी, मोठी छत्री
आणि त्याची ऋजुता, वय वर्षं नऊ,
गालांवर रंग फासून
सकाळपासून तोंड धुवायला नकार.

मुकाई चौकात अर्धा तास गाडी
होती तिथेच.
तिथेच शेंगदाणे संपले.
शेंगदाण्यांचा अंदाज चुकला. कबूल.

गहुंज्याला भाताची खाचरं, ठणठणीत कोरडी,
त्यांच्यावर चुन्याच्या रेघा,
शिट्टी फुंकणारी दोन पोरं,
आणि बांधाला नाक लावून आमची गाडी.
डिकी उघडली: पाच वाजून दहा मिनिटं.
फोडणी ओतली तेव्हा
चर्र झालं.
पलीकडच्या तीन गाड्यांनी माना वळवल्या.
(इथे मी थोडी थांबले. मुद्दाम.)

मग काय, पोहे, भेळ, कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून,
इक्बालचे कबाब त्याच्या बायकोनं दिलेले,
दमयंतीचं ऑफस्पिनवरचं भाषण,
ऋजुताचा प्रश्न, की हरलो तर रंग धुवायचा का,
आणि पन्हं. वास आला नाही.
की आला, आणि कुणी बोललं नाही.

दरवाजावर डबा नेऊ देत नाहीत,
बाटली नाही, छत्री नाही, नाणीसुद्धा नाहीत.
रिकाम्या चटणीच्या बरणीत
चौघांनी खिसे उपडे केले:
किल्ल्या, लायटर, इक्बालचा कंगवा,
ऋजुताची लकी गोटी.
तिकिटं चार. माणसं पाच.
यादीत अगदी तळाशी, बडीशेपेच्या खाली
आधीच लिहिलेलं होतं:
गाडीपाशी, सरोज.
"तुम्हीच आणलंत सगळं आणि तुम्हीच..."
"जा रे. माझे गुडघे त्या पायऱ्यांशी बोलत नाहीत."

दिवे लागले. आकाशाचा तेवढाच तुकडा दुपार झाला.
सामना मला ऐकू आला, दिसला नाही.
चौकाराला आरडाओरडा एकदम होतो.
षटकाराआधी सगळं मैदान
एक श्वास आत ओढतं.
आणि आपली विकेट गेली की
चाळीस हजार माणसं
एका पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी.

"मावशी, कोण गेलं?" शिट्टीवाल्या पोरानं विचारलं.
"ते माहीत नाही. तू जेवलास का?"

यादीत सहा ताटल्या जादा होत्या.
का, हे कुणी विचारलं नव्हतं.
दोन पोरं, दोन ड्रायव्हर,
पाहुण्या संघाची टोपी घातलेले एक गृहस्थ,
त्यांनाही तिकीट मिळालं नव्हतं, की गुडघे होते,
नीट विचारलं नाही.
सतरंजीवर बसलो. फोडणी अजून कोमट होती.
आरोळी आली की सगळे हात ताटलीवर थांबायचे,
मग टोपीवाले अंदाज सांगायचे,
मी माझा. दोघंही चुकायचो.

साडेअकरानंतर चौघं आले.
हरलो की जिंकलो ते त्यांच्या चालीवरून कळेना,
ऋजुता हेरंबच्या खांद्यावर झोपलेली,
गालांचा रंग त्याच्या सदऱ्यावर.
डोळे न उघडता म्हणाली,
"माझी गोटी."
बरणी शोधली, दिली.
मग म्हणाली, "भेळ उरलीय?"
उरली होती. कांद्याला
पाणी सुटलं होतं.
दमयंतीकडे मी पाहिलं नाही.